दीडफुटी शब्द

प्रश्न असा आलाय: ‘स्क्रॅबल या अक्षरं जुळवायच्या खेळासाठी लांबलचक इंग्रजी शब्द सांगा. आणि अशा शब्दांना सेस्क्विपिडेलियन म्हणतात, त्यातलं सेस्क्वि म्हणजे दीडशे ना?’

नाही हो! हे ‘दीडशे’ ऐकून कान किटले. सेस्क्विसेंटेनियल म्हणजे दीडशेवं वर्ष, पण त्यातलं शंभर ‘सेंट’मध्ये आहे. सेस्क्वि नुसतं दीड. लॅटिन सेमिस म्हणजे अर्धा, क्वे म्हणजे आणि. ‘आणि अर्धा’, बस्स. एक गृहीतच धरायचा.

आता आपलं दीड पाहा. संस्कृत द्व्यर्ध, प्राकृत दिवड्ढ, मराठी दीड: दुसरा अर्धाच. रोमन माणूस एकाच्या पुढे अर्धं पाऊल टाकतो, आपण दोनाच्या अलीकडे अर्ध्यावर थांबतो. अडीच म्हणजे अर्धतृतीय, आणि ‘औट घटकेचं राज्य’ यातलं औट म्हणजे अर्धचतुर्थ, साडेतीन. जर्मन आंडर्टहाल्ब आणि रशियन पलतरा यांचाही अर्थ ‘दुसरा अर्धा’. म्हणजे दीड मोजायच्या बाबतीत जर्मन आणि रशियन आपल्या पंगतीला, लॅटिन वेगळ्या पानावर. मला हे भलतंच आवडतं.

सेस्क्विपिडेलियनमधलं मागचं ‘पेद’ म्हणजे पाऊल, आपल्या पाद-पायाचंच भावंड. इथे काही पंडित वृत्तातला चरण आणून बसवतात. कशाला? रोमन कवी होरेसनं ‘सेस्क्विपेदालिया वेर्बा’, म्हणजे दीड फुटी शब्द, म्हटलं ते लांबीचं माप म्हणूनच. रोमन गवंडी दीड फुटी विटेला सेस्क्विपेदालिस म्हणत, साधारण 44 सेंटिमीटरची वीट. होरेसच्या डोळ्यांसमोर हीच वीट असणार, असं माझं ठाम मत. कुणाला पटो न पटो. मराठीत ‘दीडफुटी शब्द’ म्हणा, ‘दीडशहाणा’शी नातंही जुळतं.

आणि तो 45 अक्षरांचा, न्युमोनोपासून सुरू होणारा फुप्फुसाचा रोग कृपा करून सांगू नका. 1935 साली अमेरिकेतल्या कोडेप्रेमींच्या संघाच्या अध्यक्षानं तो मुद्दाम रचला. कोशकारांनी ही थट्टा आत घेतली, हे मला आजही खटकतं. त्यापेक्षा 29 अक्षरांचा फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन बरा: कवडीमोल ठरवणं. लोकरीचा पुंजका, काहीतरी क्षुल्लक, शून्य, केस अशा चार लॅटिन ‘कवड्या’ जोडलेल्या. गंमत म्हणजे स्क्रॅबलच्या पिशवीत तो पुरता मावतो! नऊच्या नऊ आय, दोन्ही एफ आणि दोन सी लागतात, उरलेल्या दोन सी कोऱ्या सोंगट्यांवर भागतात. फक्त पट 15 घरांचा आहे.

बरं, खेळायचं राहिलंच. अनकॉपीराइटेबल बरोबर 15 अक्षरांचा, एकही अक्षर दुसऱ्यांदा येत नाही. पण हातात सोंगट्या सातच असतात, तेव्हा लांबीचा हव्यास सोडा. ‘मुझिक’ म्हणजे रशियन शेतकरी. त्याचं अनेकवचन एम, यू, झेड, जे, आय, के, एस असं सात अक्षरांत लिहितात. झेड अक्षराचे गुण दुप्पट करणाऱ्या घरात पडेल असा पहिल्याच डावात मांडा: 128 गुण.