खाऱ्या वाऱ्यात व्हायनिलचं कुंपण : वाचकांचे प्रश्न

गुहागरला समुद्राजवळ घर आहे. तारेची जाळी काही वर्षांतच गंजून गळाली. व्हायनिल लावलं तर हा त्रास संपेल का?

जाळीचा संपेल. व्हायनिल म्हणजे पीव्हीसीच, विहिरीवरच्या पाइपाचं भावंड. त्याला मीठ लागत नाही की वाळवी. पण या कुंपणातही लोखंड असतंच: खांबाच्या पोटातला पाइप, फाटकाच्या बिजागऱ्या, कडी, स्क्रू. ते गंजलं की पांढऱ्या फळीवरून तांबडे ओघळ येतात आणि ते घासून जात नाहीत. म्हणून स्क्रू-बिजागऱ्या 316 नंबरच्या स्टेनलेस स्टीलच्या मागा. दुकानदार 304 पुढे करेल, पण 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत खरा टिकाव त्यानेच येतो. आतला पाइप वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला हवा. खांबावरचं टोपण घट्ट बसवून घ्या, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात पाणी आत उतरेल.

दिवेआगरला घर आहे. रस्त्यावरून अंगण दिसू नये म्हणून सहा फुटी बंद कुंपण हवं. वादळात टिकेल का?

3 जून 2020 ला निसर्ग वादळाने तुमच्या भागातल्या नारळी-पोफळीच्या बागांची काय दशा केली ते तुम्ही पाहिलंय. बंद कुंपण म्हणजे जमिनीत रोवलेलं शीड. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो आणि तो सगळा खांबाच्या बुडाशी येतो. फळी सहसा मोडत नाही. खांब कलतो, मग फळ्या खाचांतून निसटतात.

मी तुम्हाला बंद कुंपण सुचवणार नाही. फळ्यांमध्ये दोन-तीन बोटांची फट ठेवा, उंची चार फुटांवर आणा आणि आडोशासाठी आतल्या बाजूने जास्वंद किंवा अनंत लावा. वारा गाळून जाईल आणि अंगणही झाकेल. बंदच हवं असेल तर खांबांतलं अंतर आठऐवजी सहा फूट धरा. जमिनीवरच्या उंचीच्या निम्मा तरी खांब जमिनीत जाऊ द्या. तुमच्याकडे पुळण म्हणजे वाळूची जमीन आहे, तिथे खड्डा त्याहून खोल घ्या आणि तळाशी रुंद करा. काँक्रीट खालून फुगीर बसलं म्हणजे खांब उपटून येत नाही. जांभ्यात खणताना गडी दीड फुटावर दमतात आणि "आता पुरे" म्हणतात. तेव्हा तिथे स्वतः उभं राहा आणि टेप लावून खोली मोजा.

दापोलीत गेल्या पौषात कुंपण बसवलं. मे महिन्यात आडव्या पट्ट्या धनुष्यासारख्या वाकल्या. माल खराब निघाला का?

माल बरा असावा, बसवण्यात चूक झाली आहे. पीव्हीसी उन्हात वाढतं. आठ फुटी पट्टी पौषातल्या पहाटेपासून वैशाखातल्या दुपारपर्यंत साधारण 5 मिलिमीटर वाढते. पट्टीचं टोक खांबाच्या खाचेत सैल असायला हवं. तुमच्या माणसाने ते स्क्रूने आवळलं असणार. सुताराला लाकडाची सवय असते, त्याला घट्ट म्हणजे मजबूत वाटतं. एक पट्टी काढून पाहा. स्क्रूच्या भोकाभोवती केसासारखी चीर दिसली तर तेवढी बदला. बाकीच्यांचे स्क्रू काढा, टोकाशी बोटाच्या पेराच्या निम्मी जागा सोडा. थंडीत बसवताना ही जागा मोजूनच ठेवायची. गडद रंग जास्त तापतात आणि जास्त वाढतात, कोकणात पांढरा किंवा फिका घ्या.

दोन ठिकाणचे भाव आलेत. एक दुसऱ्याच्या जवळजवळ निम्मा. फरक कसा ओळखायचा?

दोन्हीकडून वीतभर तुकडा कापून मागा आणि कापलेली कड बघा. भिंत किती जाड आहे, आतल्या आडव्या बरगड्या आहेत का? मग दोन्ही तुकडे तागडीत घाला. उन्हापासून बचाव करतं ते टायटॅनियम डायॉक्साइड. स्वस्त मालात ते कमी घालतात आणि खडूची भुकटी वाढवतात. परड्यात उन्हात पडलेल्या जुन्या पाइपावर बोट फिरवा, पांढरी पूड लागेल. तसंच कुंपणाचं होतं, पुढे ते ठिसूळ बनतं. वॉरंटीत रंग उडणं आणि तडा जाणं, दोन्ही लेखी आहे का ते वाचा.

देवगडला कलमांची बाग आहे. जांभ्याचा जुना गडगा पाडून सगळीकडे व्हायनिल लावावं का?

कृपा करून पाडू नका. रानडुकरापुढे पीव्हीसी टिकत नाही, माकडांना कुठलंच कुंपण अडवत नाही. गडगा ढासळला तर चिरे पुन्हा रचता येतात, व्हायनिलची तुटलेली फळी फेकावीच लागते. व्हायनिल घरासमोर, फाटकाच्या दोन बाजूंना शोभतं. तिथेही माडाखालून नेऊ नका: वरून नारळ पडला की फळी फुटते. नवीन हद्दीवर खांब रोवण्याआधी तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या.

आणखी एक, पातेरा कुंपणाजवळ जाळू नका, आचेने फळ्या मऊ पडून वाकतात. तुटलेले तुकडेही होळीत किंवा भाजावळीत टाकू नका, त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा विषारी धूर निघतो.

शेवाळ?

ऑगस्टपासून धरतं. साबणाचं पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. काथ्याने घासू नका, थिनर तर मुळीच लावू नका.