बाँड होता होता राहिलेले नट : दहा नावांची यादी देण्याआधी हे वाचा

तुमची पोस्ट वाचली. फिल्म क्लबमध्ये 'बाँड होता होता राहिलेले नट', म्हणजे जेम्स बाँडची भूमिका थोडक्यात हुकलेले नट, यावर तासभर बोलायचंय, प्रत्येक ठिकाणी वेगळीच यादी सापडतेय आणि आयोजक म्हणताहेत, 'तुम्ही दहा नावं द्या, मथळा आम्ही करतो.' हे शेवटचं वाचलं आणि उत्तर लिहायला बसलो. याच विषयावर मी एका दिवाळी अंकासाठी लिहिलं होतं आणि माझा लेख नेमका याच ठिकाणी मारला गेला.

शॉन कॉनरीपासून डॅनियल क्रेगपर्यंत पडद्यावरच्या बाँडचा क्रम तुम्हाला पाठ असणारच, त्यामुळे त्यात जात नाही.

या विषयात चार वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरल्या जातात. एखाद्याचं नाव निर्मात्यांच्या डोक्यात होतं, एखाद्याला खरोखर विचारलं, एखाद्याची स्क्रीन टेस्ट झाली आणि एखाद्याशी करार झाला. यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाचवा प्रकार निव्वळ वावड्यांचा, तो सरळ वगळा.

'डॉ. नो' या पहिल्या बाँडपटाच्या (१९६२) वेळचं बघा. केरी ग्रँट हा निर्माता कबी ब्रॉकलीचा जवळचा मित्र, १९५९ साली त्याच्या लग्नात नवरदेवाचा साक्षीदार म्हणून उभा राहिलेला. पण तो साठीकडे झुकलेला होता आणि एकापेक्षा जास्त चित्रपटांना बांधून घ्यायला तयार नव्हता. निर्मात्यांना तर मालिका करायची होती. म्हणजे इथे बोलणं झालं आणि तिथेच थांबलं. पॅट्रिक मॅकगूहनने मात्र नकार दिला. भूमिकेतली बाईबाजी आणि मारामारी त्याच्या तत्त्वात बसत नव्हती. दिग्दर्शक टेरेन्स यंगला रिचर्ड जॉन्सन हवा होता, पण तो एमजीएम या स्टुडिओच्या कराराने बांधलेला. डेव्हिड निव्हन हा बाँडचा लेखक इयन फ्लेमिंगच्या मनात होता असं सगळीकडे वाचाल. 'निव्हनने बाँड नाकारला' असं मात्र म्हणू नका. उलट १९६७ च्या विनोदी 'कसिनो रोयाल'मध्ये तोच बाँड झाला.

माझ्या लेखात ही प्रतवारी काळजीपूर्वक केली होती. कोणाला विचारलं, कोणाची टेस्ट झाली, कोणाचं म्हणणं फक्त त्याच्या स्वतःच्या मुलाखतीवर उभं आहे, हे प्रत्येक नावापुढे स्पष्ट होतं. अंकाच्या संपादकीय विभागाने ते सगळं कापलं. फोन केला तर उत्तर मिळालं, 'वाचकाला एवढा तपशील नको असतो.' मथळा पडला 'बाँडची भूमिका नाकारणारे दहा जण'. माझ्या मजकुरात नकार देणारे मोजकेच होते, बाकीच्यांना निर्मात्यांनीच नाकारलं होतं! वर एका अशा नटाचा मोठा फोटो, ज्याला कधी कोणी विचारल्याचा पुरावा नाही. नाव माझं, चुका त्यांच्या, आणि जाणत्या वाचकांची खरमरीत पत्रं मला. दुरुस्ती छापा म्हटलं तर दिवाळी अंकाला पुढचा अंक असतो वर्षाने, आणि तेव्हा कोणाला काय आठवणार? माझ्या कित्येक महिन्यांच्या वाचनावर पाणी पडलं, याचा राग आजही गेलेला नाही. सगळे संपादक असे नसतात हे मान्य. पण तुम्ही आयोजकांना मथळा स्वतःच लिहून द्या आणि छापण्याआधी जाहिरातीचा मजकूर नजरेखालून घालाच.

आता तासभर कशावर बोलावं? माझं मत विचाराल तर दहा नावं नकोत. दोनच घ्या, जॉन गॅव्हिन आणि १९८६ चा पिअर्स ब्रॉस्नन.

गॅव्हिन म्हणजे हिचकॉकच्या 'सायको'तला सॅम लूमिस. 'डायमंड्स आर फॉरेव्हर'साठी (१९७१) त्याच्याशी करार झाला होता. पण बाँडपटांना पैसा पुरवणाऱ्या युनायटेड आर्टिस्ट्स या स्टुडिओच्या डेव्हिड पिकरला पहिला बाँड कॉनरीच परत हवा होता, कितीही पैसे पडोत. कॉनरीला साडेबारा लाख डॉलर मिळाले, गॅव्हिनला घरी बसून कराराचे पैसे. पुढे तो रेगनच्या काळात मेक्सिकोत अमेरिकेचा राजदूत झाला. करारापर्यंत पोचून कॅमेऱ्यासमोर न आलेला बाँड म्हणून माझ्या यादीत याचं नाव पहिलं.

ब्रॉस्ननची गोष्ट तर नीट वेळ देऊन सांगा, कारण बाँड ठरतो कसा हे तिच्यात सगळं दिसतं. १९८६ मध्ये एनबीसी या अमेरिकन वाहिनीने त्याची 'रेमिंग्टन स्टील' ही मालिका बंद केली. इकडे रॉजर मूर निवृत्त झालेला. सॅम नीलची टेस्ट झाली, ती दिग्दर्शक जॉन ग्लेनसह बऱ्याच जणांना आवडली, पण ब्रॉकलीला पटली नाही. ब्रॉस्ननचं नाव पक्कं झालं. मात्र मालिकेच्या करारात ६० दिवसांची मुदत होती आणि तेवढ्या काळात वाहिनी निर्णय फिरवू शकत होती. नवा बाँड म्हणून त्याची चर्चा झाली, त्या चर्चेमुळेच मालिकेकडे पुन्हा लक्ष गेलं आणि मुदत संपता संपता एनबीसीने मालिका पुन्हा सुरू केली. टीव्हीवर फुकट दिसणारा चेहरा ब्रॉकलीला बाँड म्हणून नको होता. भूमिका टिमथी डाल्टनकडे गेली, आणि ज्या मालिकेपायी हे झालं तिचे पुढे मोजकेच भाग निघाले. ब्रॉस्नन बाँड म्हणून आला तो थेट 'गोल्डनआय'मध्ये, १९९५ साली.

हे वाचून मला अजूनही त्या माणसासाठी वाईट वाटतं. पण चित्रपटांच्या दृष्टीने बरंच झालं, असं माझं ठाम मत आहे. १९८७ ला डाल्टनचा कोरडा, चिडका बाँड हवाच होता. मूरनंतर लगेच तसाच गुळगुळीत नट आला असता तर बाँडपटांची मालिका थकली असती. हे मत अनेकांना पटत नाही, तुम्हीही मान्य करायलाच हवं असं नाही. मी सिनेमाच्या धंद्यातला नाही, वाचून आणि डीव्हीडीवरचे माहितीपट बघून मत बनवलंय.

क्लबात क्लिप दाखवणार असाल तर 'ऑक्टोपसी'च्या (१९८३) डिस्कवर जेम्स ब्रोलिनच्या टेस्ट आहेत, त्या जरूर बघा. मूर येतो की नाही हे ठरत नव्हतं म्हणून या अमेरिकन नटाला तयार ठेवलं होतं. त्यातल्या एकात समोर आपला टेनिसपटू विजय अमृतराज आहे. उदयपूरचं चित्रीकरण, कबीर बेदीचा गोबिंदा, हे सगळं आपल्या श्रोत्यांच्या ओळखीचं असल्याने सभागृह लगेच जागं होतं. त्याच वर्षी कॉनरी 'नेव्हर से नेव्हर अगेन' हा दुसऱ्या निर्मात्यांचा बाँडपट घेऊन समोर उभा होता. अशा वेळी नवखा चेहरा उतरवायचा धोका घेतला नाही, मूरच परत आला.

आणखी एक. टेस्टसाठी वर्षानुवर्षं 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मधला हॉटेलच्या खोलीतला प्रसंग वापरत आले आहेत, बाँड आत येतो आणि नायिका तातियाना पलंगावर असते तो. मूळ प्रसंग आधी दाखवलात तर टेस्टमधला नट कुठे कमी पडतो हे लोकांना न सांगता कळतं.

२००५ च्या, म्हणजे क्रेगची निवड झाली त्या वेळच्या टेस्टबद्दल विचारलंयत. हेन्री कॅव्हिल तेव्हा जेमतेम २२ वर्षांचा. दिग्दर्शक मार्टिन कॅम्पबेलने त्याची टेस्ट उत्तम झाल्याचं स्वतः सांगितलंय, पण वय आड आलं. क्रेगचं नाव जाहीर झाल्यावर त्याच्या सोनेरी केसांवरून बहिष्काराची संकेतस्थळं निघाली होती, हे नव्या पिढीला सांगा.

'पुढचा बाँड कोण' हा भाग मात्र काढून टाका. मालिकेची सर्जनशील सूत्रं आता अ‍ॅमेझॉन एमजीएमकडे आहेत आणि दिग्दर्शक म्हणून डेनी व्हिलनव्हचं नाव २०२५ मध्ये जाहीर झालंय. वर्तमानपत्रांत फिरणाऱ्या बऱ्याच नावांमागे सट्टेबाजांचे भाव असतात. प्रश्नोत्तरांत कोणी विचारलंच तर एवढंच सांगा आणि पुढचा प्रश्न घ्या.