मोगरा मेला नाही, थांबलाय

ताई, मोगऱ्याला फुटवा येत नाही, मेला असेल तर उपटू का असं विचारलंत, पण उपटू नका बरं का! यंदा थंडी लय पडली, आपल्या परभणीत पारा ५-६ अंशांवर गेला की मोगरा, कढीपत्ता, जास्वंद सगळे गपगार होतात, माती गार पडली की मुळंच काम करत नाहीत मग फुटवा कुठून येणार. नखानं काडी जराशी खरवडून बघा, आत हिरवं ओलसर दिसलं म्हणजे जिवंत आहे, तपकिरी कोरडं असलं तर तेवढीच काडी कापा. आणि युरिया तर अजिबात नको, पाणी पण वरची दोन बोटं माती सुकल्यावरच, सकाळी ऊन आल्यावर. माझा कढीपत्ता एका वर्षी होळीपर्यंत नुसता काड्याच होता, नंतर बुडातून तांबूस कोंब आले, काय आनंद झाला सांगू!