कन्फ्यूशियस वाचून पोट भरेल का?

प्रश्न : मुलगी पुण्यात तत्त्वज्ञान घेऊन टी.वाय.बी.ए. करते आहे. प्राचीन चिनी नीतिविचारात पीएच.डी. करून प्राध्यापक व्हायचं म्हणते. यात काही भवितव्य आहे का? – एक पालक, सांगली

उत्तर : आधी नोकरीचं बोलू. निव्वळ चिनी विचारासाठी आपल्या कॉलेजांत जागा निघत नाहीत. जाहिरात येते ती तत्त्वज्ञानाची, तीही क्वचित. नेट-सेट झालेली मुलं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवताना मी बघतो. हाँगकाँग, सिंगापूर, अमेरिकेत या विषयाच्या मोजक्या जागा असतात, पण त्यांवर जगभरातून उड्या पडतात. म्हणून तिनं नीतिशास्त्र मुख्य धरावं आणि चीन ही आपली खासियत ठेवावी.

आता काम काय असतं ते. कन्फ्यूशियसच्या वचनसंग्रहात, तेराव्या प्रकरणात, एक सरदार फुशारकी मारतो : आमच्याकडचा एक जण इतका सरळ, की बापानं मेंढी चोरली तर त्याच्याविरुद्ध साक्ष दिली. कन्फ्यूशियस म्हणतो, आमच्याकडे बाप मुलाचं झाकतो, मुलगा बापाचं. सरळपणा त्यातच आहे. मजकूर एवढाच. पण झाकायचं म्हणजे गप्प बसायचं की खोटं बोलायचं? मेंढीच्या जागी खून असता तर? सगळ्यांची सारखीच काळजी घ्या म्हणणारा प्राचीन चिनी विचारवंत मोझी यावर काय म्हणाला असता? एवढ्याशा मजकुरावर महिनोन्‌महिने राबून एक शोधनिबंध होतो, आणि तोही नाकारला जाऊ शकतो. (जेवताना हा किस्सा घरी काढून बघा. लेक किती वेळ भांडते, त्यावरून पुष्कळ कळेल.)

खरी कसोटी भाषेची. आधी आजची चिनी, मग त्या ग्रंथांची जुनी चिनी. नुसत्या भाषांतरांवर अशी पीएच.डी. उभी राहत नाही. 1993 साली चीनच्या हुबेई प्रांतात ग्वोदियन या ठिकाणी एका प्राचीन थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेले ग्रंथ सापडले, त्यांच्या वाचनावरून अजून वाद झडतात. भाषेसाठी दिल्लीत जेएनयू आहे, शांतिनिकेतनात 1937 पासून चीना भवन आहे. सुरुवातीला पुण्यातला वर्गही चालेल, फक्त तो आत्ताच लावा.

पैशाचं म्हणाल, तर अमेरिकेतल्या बऱ्याच विद्यापीठांत पीएच.डी.ला फी माफ असते, शिकवण्याच्या बदल्यात विद्यावेतन मिळतं. मात्र पाच ते सात वर्षं जातात. परदेशी एम.ए.साठी कर्ज काढू नका. एम.ए. इथेच होऊ दे, सेटही देऊन ठेवू दे. एम.ए.च्या दुसऱ्या वर्षापर्यंत वीसेक पानांचा एक कसदार लेख हाताशी असेल तर बाहेर अर्ज करावेत. तिथे मार्कांइतकंच त्या लेखाकडे बघतात.