पाळक असलेल्या वडिलांचं जीवनवृत्त कसं लिहावं?

तुमचा प्रश्न असा आहे: वडील सांगली-मिरज भागातल्या मंडळ्यांत (स्थानिक चर्चमध्ये) आयुष्यभर पाळक, म्हणजे ख्रिस्ती धर्मगुरू, होते, दोन महिन्यांनी त्यांचा पहिला स्मृतिदिन आहे, छोटी पुस्तिका काढायची आहे आणि स्मरणाच्या उपासनेत जीवनवृत्त वाचायचं आहे. त्यात 'पाळकसाहेब' आणि 'घरचे बाबा' दोघेही कसे यावेत?

दोन वेगळे लेख करू नका, हे आधी सांगतो. बहुतेक पुस्तिकांत मंडळीचे सेक्रेटरी 'सेवाकार्य' लिहितात, मुलगी 'आमचे बाबा' लिहिते, आणि दोन अनोळखी माणसं शेजारी-शेजारी छापली जातात. पाळकाच्या घरात असं वेगळं काही नसतंच. बाप्तिस्म्याची तारीख ठरवायला आलेलं जोडपं ओट्यावर बसतं, चहा आईच करते, आणि अभ्यासाला बसलेली मुलं उठून आतल्या खोलीत जातात. लिहिण्यातही हे एकत्रच यायला हवं.

म्हणून सुरुवात बदल्यांच्या तक्त्याने करा. मोठ्या कागदावर सहा रकाने आखा: कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंत, गाव आणि मंडळी, राहायला पाळकनिवास होतं की भाड्याची खोली, आईची नोकरी, कोणतं मूल कितवीत, आणि त्या गावात घरात काय घडलं. हा कागद भरला की लेखाचा सांगाडा तयार होतो. समजा, मोठीच्या दहावीच्या वर्षी बदली आली आणि तिला नातेवाइकांकडे ठेवावं लागलं, तर ती एक ओळ लिहा. 'त्यागी, प्रेमळ, मनमिळाऊ' हे शब्द कोणाच्याही पुस्तिकेत चालतात, त्यामुळे त्यातून तुमचे वडील दिसत नाहीत.

तारखा आठवणीवर सोडू नका. पाळकपदाच्या दीक्षेचं प्रमाणपत्र आणि बदलीची पत्रं घरात असतील. नसतील तर विवाह रजिस्टर बघा: १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे प्रत्येक नोंदीवर वधू-वर, दोन साक्षीदार आणि लग्न लावणारा यांच्या सह्या असतात. लग्न लावणारे म्हणून वडिलांची पहिली आणि शेवटची सही सापडली की त्या मंडळीतला काळ बऱ्यापैकी पक्का होतो. त्यासाठी सध्याच्या पाळकांना आणि कमिटीला लेखी विनंती करा. रजिस्टर मंडळीच्या ऑफिसातून बाहेर मागू नका, तिथेच बसून तारखा उतरवा आणि इतर कुटुंबांची नावं छापू नका. प्रवचनाच्या वह्याही कामाच्या असतात, कारण पानाच्या डोक्यावर बहुधा तारीख आणि गाव लिहिलेलं असतं. घरच्या बायबलचं कोरं पान उघडून बघा. जन्म, बाप्तिस्मे आणि मृत्यू तिथे नोंदवायची अनेक घरांत पद्धत आहे.

जुन्या कागदांवरच्या जिल्ह्याच्या नावाने गोंधळू नका. तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके १९४९ पर्यंत सातारा जिल्ह्यात होते. त्या वर्षी दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. सांगली, मिरज आणि जत तर संस्थानं होती. आजोबांच्या दाखल्यावर 'जिल्हा सातारा' असेल तर तो 'सुधारू' नका, जसा आहे तसा द्या. मंडळीच्या नावाचंही तेच. नोव्हेंबर १९७० मध्ये अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाली. त्यात सामील झालेल्या मंडळ्यांची आधीच्या कागदांवरची नावं वेगळी दिसतात.

मंडळीतल्या घरांना दिलेल्या भेटींच्या डायऱ्या सापडल्या तर मात्र थांबा. लोकांनी विश्वासाने सांगितलेली दुःखं, नवरा-बायकोची भांडणं, व्यसनं त्यात असू शकतात. त्यातलं काहीही छापू नका, नाव बदलूनही नको. छोट्या मंडळीत माणूस लगेच ओळखू येतो. त्या डायऱ्या कुलपात ठेवा आणि नातवंडांच्या हाती देऊ नका.

आईशी बोलणं हे सगळ्यात महत्त्वाचं काम आहे, आणि तेच सगळ्यात घाईत उरकलं जातं. 'बाबा कसे होते?' असं विचारलंत तर 'चांगले होते' एवढंच उत्तर मिळेल आणि डोळ्यांत पाणी येईल. वस्तूंबद्दल विचारा. बदलीला सामान कशातून गेलं? पगार उशिरा आला की दुकानदाराशी कोण बोलायचं? रविवारी उपासनेनंतर ते किती वाजता जेवायचे? नाताळात स्वतःच्या मुलांचे कपडे केव्हा घेतले जायचे? एका बैठकीला अर्धा-पाऊण तास पुरे, अशा तीन बैठका करा. तक्ता आणि फोटो समोर ठेवा, म्हणजे गावाच्या नावावरून आठवणी निघतात. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण आधी विचारून.

भाषेची एक अडचण आपल्याकडेच येते. अनेक मंडळ्यांत 'वडील' (इंग्रजीत 'एल्डर') हे पद आहे. 'वडिलांनी सभेत विरोध केला' हे वाक्य वाचून तुमच्या बाबांनी विरोध केला असंच वाटेल. लेखात त्यांना 'बाबा' किंवा 'पप्पा', जे घरात म्हणत होतात तेच म्हणा, आणि पदासाठी 'मंडळीचे वडील' असं पूर्ण लिहा.

आता छपाई. ए-फोर कागद मधून दुमडला की चार पानं होतात, म्हणून मधोमध पिन मारायच्या पुस्तिकेची पानसंख्या चारच्या पटीत हवी. सोळा पानांना चार कागद लागतात. कव्हरची चार पानं आणि फोटोंची चार सोडली तर मजकुराला आठ पानं उरतात. तेरा पॉइंटच्या अक्षरात ती साधारण १,८०० शब्दांत भरतात. वयस्कर वाचकांसाठी अक्षर याहून लहान करू नका. दहा सेंटिमीटर रुंद छापायच्या फोटोची रुंदी किमान १,२०० पिक्सेल हवी. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो, म्हणून 'डॉक्युमेंट' करून पाठवा. २००५ किंवा २०१९ च्या पुरात भिजून काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, रंगाचा थर काचेवरच राहतो. काचेसकट, खिडकीच्या बाजूच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून त्याचा फोटो घ्या.

युनिकोडमधला मजकूर डीटीपीवाला जुन्या फॉन्टमध्ये बदलतो तेव्हा रफार आणि 'ऱ्या' हमखास बिघडतात. 'कार्यकर्त्यांच्या', 'सुवार्ता', 'बिचाऱ्या' असे शब्द शोधून तपासा. एक प्रत कागदावर काढून मोठ्याने वाचा, स्क्रीनवर चुका निसटतात. नावं आणि तारखा घराबाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या.

उपासना शक्यतो शनिवारी संध्याकाळी ठेवा. रविवारी सकाळी बाहेरगावचे पाळक आपापल्या मंडळीत अडकलेले असतात. वाचायचं जीवनवृत्त वेगळं लिहा: सावकाश वाचताना मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे पाच-सहा मिनिटांना सहाशे शब्द. वाचन संदेशाच्या (प्रवचनाच्या) आधी ठेवा आणि संदेश देणाऱ्यांना आठ दिवस अगोदर प्रत द्या. नाहीतर २ तीमथ्य ४:७ वरचा ('सुयुद्ध केले, धाव संपवली') नेहमीचाच संदेश ऐकायला मिळतो. बोलणारे दोनच ठेवा, एक मंडळीतला आणि एक घरचा. 'आणखी कुणाला दोन शब्द...' असं म्हटलंत की तासभर निघून जातो आणि आई थकते. गीतांचा नुसता क्रमांक छापू नका, पहिली ओळही द्या, कारण सगळ्यांकडे गीतपुस्तकाची एकच आवृत्ती नसते.

प्रती लागतील असं वाटतं त्याहून वीस जास्त छापा. त्यांनी सेवा केलेल्या प्रत्येक मंडळीला दोन द्या, एक वाचायला आणि एक रजिस्टरच्या कपाटात ठेवायला. शेवटचं पान कोरं सोडा. स्मृतिदिनानंतर कुणीतरी सांगेलच, की ते आमच्या गावी अमुक वर्षी आले होते, आणि ते लिहायला जागा हवी.