फळे-भाज्यांकडे नव्याने वळताना
आपण आहार सुधारण्याचे ठरवले आहे, तर पहिल्याच आठवड्यात ज्यूसर विकत घेऊ नये, असे मी सुचवीन. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला किमान 400 ग्रॅम फळे व भाज्या खाण्यास सांगते आणि त्यात बटाटा धरत नाही. दुपारी पालेभाजी, रात्री फळभाजी, सोबत कोशिंबीर आणि एक पेरू एवढ्यात ते सहज जमते. माठ, शेपू, चाकवत यांपैकी जे ताजे मिळेल ते घ्यावे, चिरण्याआधी दोन-तीन पाण्यांतून धुवावे आणि पानात लिंबाची फोड ठेवावी, कारण क जीवनसत्त्वामुळे भाजीतील लोह शरीरात अधिक शोषले जाते. जेवणावर लगेच घेतलेला चहा नेमके उलटे करतो. (मला स्वतःला तो सोडायला वर्ष लागले.)

घरगुती उपचारांबाबत मात्र सावध राहावे. दुधीचा रस काढण्याआधी एक चकती जिभेला लावून पाहावी. कडू लागल्यास तो दुधी पूर्ण टाकून द्यावा, कारण त्यातील कुकुरबिटासिन या विषारी द्रव्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावली आहेत. मधुमेहाची गोळी चालू असेल, तर कारल्याचा रसही डॉक्टरांना विचारूनच घ्यावा, अन्यथा रक्तातील साखर फार उतरू शकते.