विमानातून उतरून थेट स्टिअरिंगवर बसू नका
(वाचकांचे प्रश्न: युरोपात स्वतः गाडी चालवताना)

उन्हाळ्याच्या सुट्टीचे बेत सुरू झाले की युरोपात स्वतः गाडी चालवत फिरण्याबद्दलची पत्रं वाढतात. बहुतेकांची शहरांची यादी तयार असते. परवाना कोणता, भाड्याच्या गाडीच्या करारात काय लिहिलंय आणि चालवणाऱ्याची झोप किती झालीय, हे मात्र तिकिटं काढून झाल्यावर आठवतं. तेच ते गोंधळ पुन्हा पुन्हा येतात, म्हणून इथे एकत्र उत्तरं देतो.

प्रश्न: माझा परवाना इंग्रजीत आहे. वेगळं इंटरनॅशनल परमिट लागेल का? (नाशिक)

उत्तर: काढाच. निघण्यापूर्वी आरटीओकडून घ्या आणि मूळ परवानाही सोबत ठेवा. नुसतं परमिट कामाचं नाही.

प्रश्न: जर्मनीत श्टुटगार्टला नोकरीसाठी येऊन मला आठ महिने झाले. आईबाबा येणार आहेत, त्यांना ऑस्ट्रिया आणि इटलीला न्यायचंय. परमिट वर्षभर चालतं असं इथले मित्र म्हणतात.

उत्तर: मित्र परमिटची मुदत सांगताहेत, प्रश्न तुमच्या वास्तव्याचा आहे. जर्मनीत राहायला आल्यापासून भारतीय परवाना साधारणपणे सहाच महिने चालतो. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष चाचणी देऊन तिथला परवाना घ्यावा लागतो. आज तुम्ही गाडी काढलीत तर ते विनापरवाना चालवणं ठरू शकतं, आणि अपघात झाला तर विम्याचाही प्रश्न उभा राहील. ऐकीव माहितीवर आईवडिलांना गाडीत बसवू नका. शहरातल्या परवाना कार्यालयात जाऊन विचारा. बाबा पाहुणे म्हणून येताहेत, त्यामुळे परवाना आणि परमिट असेल तर ते चालवू शकतील. पण करारात चालक म्हणून त्यांचं नाव हवं.

प्रश्न: आमचे सर्वाधिक दिवस स्वित्झर्लंडमध्ये आहेत, पण एजंट म्हणतो, दुसऱ्या देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय, तिथून शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच चालणारा) काढू. मेमध्ये निघायचंय. (ठाणे)

उत्तर: एजंट बदला. जिथे मुक्काम सर्वाधिक, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखे असतील तर जिथून प्रथम प्रवेश, त्या देशाकडे. खोटी हॉटेल बुकिंगं दाखवून मिळवलेला व्हिसा सीमेवर अंगाशी येऊ शकतो, आणि तेव्हा एजंट सोबत नसतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. मग मेच्या प्रवासाची विचारणा एप्रिलमध्ये का? मार्गात लंडन असेल तर त्याचा व्हिसा वेगळा, हेही आताच पाहा. शंका असेल तर त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर वाचा.

प्रश्न: मुंबईहून रात्रीच्या विमानाने निघून सकाळी फ्रँकफर्टला उतरू. तिथेच गाडी घेऊन त्याच दिवशी स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन गाठायचंय. नकाशात पाच तास दिसतात. मी पुणे-बंगळूर एका दमात चालवतो. सोबत ६८ वर्षांचे वडील आहेत, त्यांना मधुमेह आहे. (पुणे)

उत्तर: हा बेत रद्द करा. पुणे-बंगळूरचा अनुभव इथे फारसा उपयोगाचा नाही. तिथे तुम्ही घरी झोपून निघता. इथे रात्रभर खुर्चीत अवघडून. उन्हाळ्यात फ्रँकफर्टला दुपारचे तीन वाजतात तेव्हा भारतात साडेसहा झालेले असतात. नेमकं तेव्हाच तुम्ही स्विस सीमेवरच्या बासेलच्या आसपासच्या गर्दीत असाल.

त्यात गाडी उजवीकडून चालवायची आणि बसायचं डावीकडे. आपलं शरीर लेनच्या उजव्या भागात असण्याची सवय इतकी मुरलेली असते की नकळत गाडी उजव्या कडेला सरकते. आरसे आणि टायर तिथेच घासतात. चुकीच्या बाजूला शिरण्याचा धोका गर्दीत कमी असतो, कारण पुढची गाडी वाट दाखवते. तो धोका असतो पेट्रोल पंपातून किंवा हॉटेलच्या आवारातून रिकाम्या रस्त्यावर येताना. अशा वेळी शेजारच्याने मोठ्याने "उजवीकडे" म्हणायचं, असा नियमच करा.

जर्मनीच्या महामार्गावर काही पट्ट्यांत वेगमर्यादा नाही, ताशी १३० किलोमीटर हा फक्त सल्ला आहे. डावी लेन ओव्हरटेक करण्यापुरती. लगेच उजवीकडे परत यायचं. उजवीकडून ओव्हरटेक करायचं नाही. वाहतूक कोंडली की डाव्या लेनच्या गाड्यांनी डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून रुग्णवाहिकेला मधून वाट द्यायची. गल्लीतल्या चौकात पाटी नसेल तर उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. हे सगळं झोपाळलेल्या डोक्याला पेलत नाही.

पहिली रात्र फ्रँकफर्टलाच काढा. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी घ्या, आणि ऑटोमॅटिक हवी असं बुकिंगमध्येच लिहा. पहिले दोन दिवस दीडशे-दोनशे किलोमीटरांवर जाऊ नका. वडिलांच्या गोळ्या किंवा इन्सुलिनच्या वेळा बदलत्या घड्याळात कशा बसवायच्या, हे त्यांच्या डॉक्टरांना निघण्यापूर्वी विचारा. मी सांगणार नाही आणि नातेवाइकांनीही सांगू नये.

प्रश्न: भाड्याची गाडी घेताना काउंटरवर "पूर्ण विमा" घ्यायचा दबाव आणतात म्हणे. ऑनलाइन स्वस्तात घेतला तर? (कोल्हापूर)

उत्तर: ऑनलाइन मध्यस्थाकडून घेतलेला विमा बहुधा नुकसानीपोटी तुम्ही आधी भरलेले पैसे नंतर परत देतो, त्यामुळे कार्डावर अनामत रक्कम अडकतेच. साध्या विम्यात टायर, काच आणि गाडीचा तळ सहसा नसतो. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं असावं. कोणकोणत्या देशांत गाडी न्यायची परवानगी आहे, हे बुकिंगपूर्वी कंपनीकडून लेखी घ्या. एका देशात घेऊन दुसऱ्या देशात सोडल्यास जादा आकार बराच मोठा असतो. शक्यतो गोल मार्ग आखा.

प्रश्न: टोलचं काय? (पणजी)

उत्तर: स्वित्झर्लंडचं विन्येट (महामार्ग वापरण्यासाठी आधीच घ्यायचा टोलचा पास) ४० फ्रँकचं आणि फक्त वर्षाचं, तिथे भाड्याने घेतलेल्या गाडीला ते सहसा असतंच. ऑस्ट्रियात एक दिवसापासून मिळतं, पण इटलीकडे जाणाऱ्या ब्रेनरच्या रस्त्याचा टोल वेगळा. जर्मनीत कारला टोल नाही. फ्रान्समध्ये पॅरिसहून नॉर्मंडीला जाणाऱ्या ए-१३ महामार्गावर टोलनाकं दिसणार नाही. ७२ तासांत ऑनलाइन भरायचं. सरकारीसारख्या दिसणाऱ्या साइटवर तेच विन्येट जादा दराने विकतात, तेव्हा पत्ता नीट वाचा. इटलीतल्या जुन्या गावांत झेडटीएलची (फक्त परवानगी असलेल्या गाड्यांना प्रवेश असलेल्या भागाची) पाटी दिसली की गाडी बाहेरच लावा. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंडाची नोटीस कित्येक महिन्यांनी घरी येते. गाडी कंपनी स्वतःचं शुल्क वेगळं घेते.

प्रश्न: सोबत घरचं तूप, पेढे नेऊ का? (सातारा)

उत्तर: नाही. भारतातून युरोपीय संघात दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत.

प्रश्न: मुलगी नऊ वर्षांची आहे, मेच्या पहिल्या आठवड्यात निघतोय. स्वित्झर्लंडमधला फुर्का घाट करायचाय. (औरंगाबाद)

उत्तर: मुलीसाठी बूस्टर सीट (मुलांना उंच बसवणारं आसन) मागवा, जर्मनीत १२ वर्षं किंवा १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत बंधनकारक आहे. फुर्का मेच्या आरंभी बर्फामुळे बंदच असतो, जूनच्या सुमारास उघडतो. दक्षिणेकडे जायचं तर गोटहार्डचा सुमारे १७ किलोमीटरांचा बोगदा आहे, विन्येटपलीकडे त्याला पैसे नाहीत; सुट्टीच्या शनिवारी मात्र तोंडाशी लांब रांग लागते, आठवड्याच्या मधला दिवस धरा. घाटाचीच हौस असेल तर प्रवास जूनअखेर ढकला, आणि निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मुक्कामाच्या हॉटेलात रस्त्याची चौकशी करा.